ऑटोमॅटिक मर्सिडीज मॅन्युअल करताना 'पार्ट बंद झालाय' ऐकलंत? आधी हे तपासा

आधी लक्षणं. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तरच पुढे वाचा.

– गिअरबॉक्स आणून दोन हिवाळे झाले, गाडी अजून घोड्यांवर (जॅक स्टँडवर). एक पार्ट 'बंद झालाय' आणि त्यावर सगळं अडलंय.
– सगळं बसवलं, किल्ली फिरवली, स्टार्टर गप्प. टक् सुद्धा नाही.
– इंजिन चालू झालं, पण किल्ली काढून खिशात घातली तरी चालूच.
– क्लचचं पेडल जमिनीला टेकतं, रिव्हर्स टाकताना खर्रर्र.
– दोन गिअर नीट पडतात, तिसऱ्याच्या वाटेवर दांडा अडकतो तो अडकतोच.
– थंडीत पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर बसतच नाही.
– गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, आणि ठरावीक आरपीएमला आरशापासून सीटपर्यंत सगळं थरथरतं.
– उभ्या गाडीत काही नाही, रस्त्यावर मात्र बुडाखालून गुरगुर.

गाडी कुठली ते सांगतो. मर्सिडीजची डब्ल्यू १२३, १९७६ ते १९८५-८६ च्या काळातली. मी ओहायोत राहतो. अमेरिकेत हिची पाच सिलेंडरची ३००डी फक्त ऑटोमॅटिकमध्ये विकली गेली. चार सिलेंडरची २४०डी १९८३ पर्यंत चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळायची. त्यामुळे ३००डीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला की इथले लोक २४०डीचा मॅन्युअल त्यात बसवतात. माझी स्वतःची ३००डी टर्बो धरून मी अशा चार गाड्या केल्या आणि दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेल्या त्याहून जास्त पूर्ण केल्या. दर वेळी घोळ तोच. माणूस गिअरबॉक्स शोधण्यात वर्ष घालवतो आणि अडतो तो एका नळीपाशी, एका बुशपाशी (सांध्यातल्या छोट्या कडीपाशी).

खर्च शून्य: नंबर वाचा

काउंटरवरच्या माणसाने 'नो लाँगर अव्हेलेबल' म्हटलं की लोक फोन ठेवतात. तो फक्त त्या एका नंबराबद्दल बोलतोय. आधी त्याला विचारा, या नंबराच्या जागी नवा नंबर आलाय का? जुना नंबर रद्द होऊन तोच पार्ट दुसऱ्या नंबरने चालू असणं मर्सिडीजमध्ये नेहमीचं आहे.

मग नंबर स्वतः वाचायला शिका. दहा आकडे असतात. पहिले तीन सांगतात की पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी काढला. पुढचे दोन गट सांगतात: २५ म्हणजे क्लच, २६ मॅन्युअल गिअरबॉक्स, २७ ऑटोमॅटिक, २९ पेडल, ४१ प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा. इंजिनाच्या नंबरात ०३ म्हणजे क्रँक आणि त्याच्या मागचं जड चाक, फ्लायव्हील. यात एक गंमत आहे, ती कळली की निम्मा शोध संपतो. पहिले तीन आकडे पार्टचं जन्मगाव सांगतात, सध्याचा पत्ता सांगत नाहीत. १२३ च्या कॅटलॉगमध्ये ११५ ने किंवा १०७ ने (मर्सिडीजच्याच दुसऱ्या मॉडेलांचे आकडे) सुरू होणारा नंबर दिसला तर तो पार्ट त्या गाडीतही आहे. म्हणजे तुम्हाला शोधायला आणखी एक गाडी मिळाली. भंगार यार्डात सगळे १२३ पाशी गर्दी करतात, शेजारच्या चुलत भावाकडे कुणी बघत नाही.

जवळजवळ शून्य: जर्मन भाषेत शोधा

युरोपात याच गाडीत मॅन्युअल हाच साधा गिअरबॉक्स होता. टॅक्सी असो, डॉक्टरची गाडी असो, ऑटोमॅटिकला वेगळे पैसे. त्यामुळे इथे अमेरिकेत जो पेडलचा सांगाडा सोन्याच्या भावाने मागतात, तो तिकडे साधा माल. पण 'क्लच पेडल असेंब्ली' लिहून शोधलं तर तो सापडणार नाही. शोधायचे शब्द: पेडालेरी म्हणजे पेडलचा सांगाडा, कुप्लुंग म्हणजे क्लच, शाल्टगेट्रीबं म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स, श्वुंगराट म्हणजे फ्लायव्हील. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव आर्थिक फायदा.

मर्सिडीजचं स्वतःचं क्लासिक सेंटर जर्मनीत फेलबाखला आहे, अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहे. जुन्या गाड्यांचे काही पार्ट ते परत बनवून घेतात. भाव ऐकून बसायला खुर्ची लागते, पण हायड्रॉलिकच्या आणि सुरक्षेच्या वस्तूंना मी तिथेच जातो.

एक आगाऊ सल्ला: धडधाकट चालणारी २४०डी केवळ पार्टसाठी फोडू नका. मी एकदा फोडली. अजून चुटपुट लागते.

डोनर गाडीपाशी (जिच्यातून पार्ट काढायचे ती): काय काढायला विसरतात

गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच) सगळे आणतात. मागे राहतं ते हे: गिअरच्या दांड्याचा पूर्ण संच, त्याचे तीनही रॉड आणि क्लिपा. ब्रेक ऑइलची मॅन्युअलवाली टाकी, कारण क्लचच्या मास्टर सिलेंडरला (पेडलने तेल ढकलणारा) तेल तिच्याच बाजूच्या तोटीतून जातं. त्या दोघांमधली नळी. गिअरबॉक्सचा आडवा ब्रॅकेट. प्रोपेलर शाफ्टचा पुढचा अर्धा भाग, कारण लांबी वेगळी. क्लच स्लेव्ह (त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा गिअरबॉक्सकडचा सिलेंडर) आणि बेल हाउसिंग यांच्यामधली प्लास्टिकची चकती. ही चकती बघून कुणालाही वाटेल की कचरा आहे. तिच्या खाचेतून क्लच प्लेट किती झिजली ते मोजता येतं, आणि तिच्या जाडीवर स्लेव्हची बैठक ठरते.

त्या नळीबद्दल जरा थांबतो. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातली इंधनाची नळी तिथे बसते, मापही जमतं. लावू नका. ब्रेक ऑइल इंधनाच्या रबराला फुगवतं. महिनाभरात नळी मऊ होते, मग पाझरते. क्लचचा मास्टर सिलेंडर या गाडीत आतल्या बाजूला, पेडलच्या वर असतो. गळालं की ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला होतो आणि लोक पावसाचं पाणी समजून पुसत राहतात. ब्रेक ऑइलचीच नळी घ्या, मीटरवर मिळते.

इथवर गाडीला हातही लावलेला नाही. आता बसवल्यानंतरच्या तक्रारी.

स्टार्टर गप्प: एक तारेचा तुकडा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर न्यूट्रलचा स्विच असतो. दांडा पी किंवा एनवर असेल तरच तो स्टार्टरला वीज जाऊ देतो. गिअरबॉक्स काढला की तो स्विच गेला, सर्किट कायमचं तुटलं. बॅटरी बदलू नका, स्टार्टर खोलू नका. त्या स्विचच्या प्लगमधल्या स्टार्टरच्या दोन जाड तारा जोडा, स्टार्टर फिरेल. रिव्हर्सच्या दिव्याच्या ताराही त्याच प्लगात असतात, त्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला न्या.

पण तारा नुसत्या जोडून सोडल्या तर गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो आणि गाडी पुढे उडी मारते. गॅरेजच्या भिंतीला बंपर लावून मी हे शिकलो. क्लच पेडलवर एक साधा स्विच बसवा आणि त्या तारा त्यातून न्या. आणि मल्टिमीटर न वापरता अंदाजाने तारा जोडणार असाल तर इथेच थांबा, ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्ध्या तासाचं काम आहे त्याचं.

किल्ली काढली, इंजिन चालूच

हे पहिल्यांदा होतं तेव्हा भूत बघितल्यासारखं वाटतं. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे किल्लीने वीज तोडून ते बंद पडत नाही. या गाडीत किल्ली बंद केली की व्हॅक्यूम एका पडद्यापर्यंत जातो, तो पडदा इंजेक्शन पंप बंद करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही त्याच व्हॅक्यूममधून एक फाटा जात होता. तो फाटा तुम्ही मोकळा सोडला असेल तर व्हॅक्यूम तिथून गळतो आणि पंपापर्यंत काही पोचत नाही. दारांची सेंट्रल लॉकही त्याच दिवशी रुसतात, हा पुरावा.

तपासणी फुकट: मोकळी राहिलेली प्रत्येक पातळ नळी शोधा आणि बुजवा. इथे अमेरिकेत सगळे गोल्फचा टी वापरतात, निमुळता असल्यामुळे कुठल्याही नळीत घट्ट बसतो. मला गोल्फ येत नाही, पण टीचं पाकीट टूलबॉक्समध्ये कायम असतं. तोवर इंजिन बंद करायला बॉनेट उघडा, पंपाजवळ स्टॉप लिहिलेली दट्टी आहे, ती दाबा. घरातल्या दुसऱ्या ड्रायव्हरलाही ती दाखवून ठेवा.

थंडीत गिअर जड

हे वाचून लोक भांडतात, तरी लिहितो: या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल नाही, ऑटोमॅटिकचंच पातळ तेल, एटीएफ घालायचं. मॅन्युअल म्हणजे जाड तेल या समजुतीने कुणीतरी नव्वदचं जाड गिअर ऑइल ओततं, आणि उणे दहाला दुसरा गिअर पेंगतो. सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) खराब झाला समजून गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल बदला. आणि बदलताना तेल भरायचा बोल्ट आधी उघडतो का ते बघा, सोडायचा नंतर. वरचा गंजून अडकला आणि खालून सगळं तेल गेलं तर गाडी जागेवरच खिळली.

पेडल जमिनीला, रिव्हर्स खरखरतो

बहुतेक वेळा हवा. पेडल दाबून, बोल्ट सैल करून, 'दाब, सोड' करत बसलात तर संध्याकाळ जाईल, कारण हवा वर जाऊ बघते आणि तुम्ही तिला खाली ढकलताय. कारखान्याची पद्धत उलटी आहे आणि झकास आहे. उजव्या पुढच्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा. ती ब्रेक ऑइलने पूर्ण भरा आणि दुसरं टोक क्लच स्लेव्हच्या निपलला लावा. दोन्ही निपल सैल करा आणि कुणालातरी ब्रेकचं पेडल हळू दाबायला सांगा. पेडल सोडण्याआधी कॅलिपरचं निपल बंद करायचं. तेल खालून क्लचमध्ये शिरतं आणि हवा वर टाकीत बुडबुडत निघते. बायकोला ब्रेकवर बसवून मी हे वीस मिनिटांत करतो. तिसऱ्या गाडीनंतर तिने तासाचा दर सांगितला, तो मी देतो.

एवढं करूनही पेडल मऊ असेल तर खाली जाऊन बघा, स्लेव्हचा रॉड सरकतो का. सरकतो पण अर्धवट, तर ती चकती आठवा. अजिबात सरकत नाही, तर मास्टर किंवा स्लेव्ह. दोन्ही एकदम बदला. जुन्या मास्टरला नवा स्लेव्ह लावला की पुढच्या महिन्यात मास्टर रडतो.

इथे मात्र कडक सांगतो. क्लचचं काम झाल्यावर ब्रेकचं पेडल आधीपेक्षा मऊ लागलं, तर गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका. तेल एकाच टाकीतलं आहे. ब्रेक्सची हवा काढण्याचा सराव नसेल तर टो करून मेकॅनिककडे न्या.

दांडा अडकतो

गिअरबॉक्सचा यात जवळजवळ कधीच दोष नसतो. दांड्यापासून तीन रॉड निघतात, प्रत्येकाच्या टोकाला बुश. चाळीस वर्षांचे बुश भुगा झालेले असतात. एक रॉड अर्धा गिअरमध्ये राहिला की दुसरा हलत नाही, दांडा लॉक. सगळे बुश आणि क्लिपा नव्या घाला, या अजून सहज मिळतात. मग दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून दांड्याखालच्या तिन्ही लिव्हरच्या भोकांतून एक सरळ पिन आरपार घाला. ड्रिल बिटची मागची बाजू चालते. गिअरबॉक्सच्या बाजूचे तिन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून रॉडची लांबी अशी लावा की रॉड जोर न लावता बसेल. मग पिन काढा. बस.

रस्त्यात अडकलाच तर जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरून रॉड ओढू नका. घोड्या नसतील तर टो.

चालताना गुरगुर

प्रोपेलर शाफ्ट दोन भागांचा, मध्ये बेअरिंग, दोन्ही टोकांना रबरी डिस्क. दोन अर्धे जोडताना जुन्या खुणा जुळल्या नाहीत, किंवा डिस्क तडकलेली, किंवा मधला मोठा नट चुकीच्या क्रमाने आवळला. तो नट गाडी वर असताना आवळायचा नसतो. चाकं जमिनीवर येऊ द्या, गाडी दोन-चारदा मागेपुढे ढकला, शाफ्टला स्वतःची जागा सापडू द्या, मग आवळा. मी हे न केलेल्या दोन गाड्यांची मधली बेअरिंग सहा महिन्यांत गेलेली बघितली आहेत. डिस्क घेण्याआधी फ्लँजवरच्या बोल्टची भोकं दोन्ही बाजूंना मोजा. नेमका अर्धा शाफ्ट मिळालाच नाही तर लांबी कमीजास्त करून घेता येते, पण ते घरच्या वेल्डिंग मशीनचं काम नाही. ड्राइव्हशाफ्टच्या दुकानात वेल्ड आणि बॅलन्स दोन्ही एकत्र करून घ्या. हायवेच्या वेगाला हा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, तुमच्या सीटखाली.

उभ्या गाडीत थरथर: सगळ्यात महागडी चूक

ही शेवटी ठेवली, कारण हिच्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. २४०डीचं फ्लायव्हील ३००डीच्या क्रँकवर बसतं. बोल्ट जुळतात, सगळं छान दिसतं. पण चार सिलेंडरचं इंजिन आणि पाच सिलेंडरचं इंजिन यांचा तोल वेगळा. तुमच्या इंजिनाचा तोल त्याच्या मूळ फ्लेक्सप्लेटसह धरलेला आहे. ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती ही प्लेट. फ्लायव्हील नुसतं बदललं की तोल गेला.

म्हणून काढतानाच फ्लेक्सप्लेट आणि क्रँक दोन्हींवर खूण करा. दोन्ही वस्तू इंजिन मशीन शॉपमध्ये न्या आणि सांगा: या प्लेटचा जो तोल आहे तोच या फ्लायव्हीलला द्या. फ्लायव्हीलचा चेहराही तिथेच घासून घ्या. बोल्ट नवेच घाला, हे बोल्ट आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. त्याच वेळी क्रँकच्या मागच्या भोकात पायलट बेअरिंग बसवायचं विसरू नका, ऑटोमॅटिकला त्याची गरज नव्हती. भोक आणि शाफ्टचं टोक दोन्ही मोजूनच बेअरिंग घ्या. हे विसरलं की क्लच दाबल्यावर चिरचिर आणि थोड्या दिवसांनी इनपुट शाफ्टची वाट.

आणखी एक. टर्बो ३००डीचा टॉर्क २४०डीच्या पावणेदोन पटीच्या आसपास आहे. २४०डीची जुनी प्रेशर प्लेट उचलून लावली तर चढावर वास येणारच.

पुण्याच्या वाचकांना इथे काहीतरी आठवलं असेल. २४०डीचं ओएम ६१६ हे इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवाना घेऊन बनवलं. ट्रॅक्समध्ये ते धडधडताना आपण लहानपणापासून ऐकलंय. तेव्हा मला वाटलं, नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात जाऊन फ्लायव्हील सुटकेसमध्ये घालून आणू. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "माप आणलंय का?" नव्हतं. त्याने समजावलं ते बरोबर होतं: इंजिन तेच असलं तरी त्याच्या मागे कुठला गिअरबॉक्स लागलाय त्यावर फ्लायव्हील, क्लच आणि बेल हाउसिंग ठरतं. ट्रॅक्स ही सेदान नाही. गॅस्केट घेऊन परत आलो. तुम्ही जाणार असाल तर व्हर्नियरने घेतलेली मापं आणि फोटो घेऊन जा.

जो दोष नाहीच

बऱ्याच जणांना वाटतं की मॅन्युअल केल्यावर हायवेला आरपीएम उतरेल. उतरत नाही. ऑटोमॅटिकचा चौथा आणि या मॅन्युअलचा चौथा, दोन्ही एकास एक. मागच्या चाकांना फिरवणारा डिफरन्शियल बदलला तरच फरक पडेल, आणि बहुतेक टर्बो गाड्यांचा ३.०७ असतो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०७ फेरे), तो हायवेला उत्तमच आहे. त्याच ३.०७ मुळे चढावर गाडी हलवायला क्लच जास्त घासावा लागतो. २४०डीचा ३.६९ बसवला तर चढावरची तक्रार जाईल, पण हायवेला आरपीएम वीस टक्के वाढेल. दोन्ही एकदम मिळत नाही. पाच गिअरचा बॉक्स मिळाला तर मिळेल, पण त्याच्या मागे लागलात तर ही यादी परत पहिल्यापासून वाचावी लागेल.

आणि ती जुनी फ्लेक्सप्लेट भंगारात देऊ नका. तुमच्या इंजिनाच्या तोलाचा तेवढाच एक नमुना शिल्लक आहे, दहा वर्षांनी फ्लायव्हील बदलायची वेळ आली तर मशीन शॉप तीच मागेल. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर चार टांगलेल्या आहेत, प्रत्येकीवर इंजिन नंबर खोदलेला.